हाक न येणारी पंधरा मिनिटं

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या ४३ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. खाली आठ मागांचा टॉवेलचा कारखाना, वर घर. सकाळी आठ ते रात्री आठ माग चालतात. हिशोब, सुताची आवक, शिलाईच्या बायकांना माल मोजून देणं आणि व्यापाऱ्यांचे फोन हे सगळं ताईंकडे. घरात यजमान, कॉलेजातला मुलगा, दहावीतली मुलगी आणि चाळीस वर्षं मागावर काढलेले सासरे. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्ही दिवसभर मोठ्यानं चालू असतो. ताई लिहितात, "दिवसातून एक तास तरी मला शांतता हवी आहे. मोबाईलवर बघून पहाटे साडेचारला उठायला लागले. अकरा दिवस केलं. बसल्या बसल्या डोळा लागायचा, नाहीतर कानात 'चीं' असा आवाज यायचा आणि कामांची यादी डोक्यात सुरू व्हायची. आता दुपारी सगळ्यांवर खेकसते. जाऊबाई म्हणाल्या, संसारी बाईला कसली आलीय शांतता. माझंच चुकतंय का? दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जाऊ का?"

ताई, नमस्कार.

साडेचारचं आधी बघू. तुम्ही लिहिलंय की रात्री सगळं आवरून पाठ टेकायला साडेअकरा होतात. म्हणजे पाच तासांची झोप. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. अकरा दिवसांत तुम्ही झोपेचे बावीस तास उधार घेतलेत. असं शरीर डोळे मिटून शांत बसवलं तर ते झोपणारच. तो आळस नव्हे, शरीर आपली वसुली करत होतं. दुपारचं खेकसणंही त्याच खात्यात लिहा. पहाटे उठणं ज्यांना झेपतं ते रात्री साडेनऊला झोपलेले असतात, आणि मोबाईलवरच्या त्या व्हिडिओत नेमकं हेच सांगितलेलं नसतं. आजपासून साडेचारचा गजर बंद करा. नेहमीप्रमाणे पावणेसहाला उठा, आणि सात तास भरावेत म्हणून रात्री जमेल तेवढं लवकर पाठ टेका.

आता तुमच्या मागणीकडे वळू. पत्रात तुम्ही सगळीकडे 'शांतता' हा एकच शब्द वापरलाय, पण दर वेळी तुम्हाला तेच हवं आहे असं वाचताना वाटत नाही. आवाज नसणं म्हणजे शांतता, बोलावं न लागणं म्हणजे मौन आणि जवळ कुणी नसणं म्हणजे एकांत. या तीन गरजा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घसा बसलेल्याला मौन हवं असतं. भरल्या घरात एकट्या पडलेल्या माणसाला यातलं काहीच नको असतं, त्याला कुणीतरी बोलायला हवं असतं. तुम्हाला काय हवंय?

उत्तर तुम्हीच एका ओळीत देऊन पुढे गेला आहात: "माग चालू असताना मला काही वाटत नाही, उलट दुपारी वीज गेली आणि माग थांबले की मी दचकते." सारखा, एकाच लयीतला आवाज मेंदू हळूहळू बाजूला टाकतो. लय मोडली की तो जागा होतो. मागावरच्या माणसाला सूत तुटल्याचं आधी कानाला कळतं, मग डोळ्यांना, ते यामुळेच. तुमचा मेंदू दिवसभर ज्याची वाट बघत टांगलेला असतो तो आवाज वेगळाच आहे: "आई, माझा चार्जर?" "अगं, पार्टीचा फोन आलाय." "ताई, माल मोजून घ्या." स्वतःचं नाव किंवा नातं कानावर पडलं की लक्ष वळतंच, ते थांबवणं कुणाच्या हातात नसतं. आणि हाक कधी येईल हे माहीत नसल्यानं, ती येत नसतानाही तुम्ही अर्ध्या उठलेल्या असता. त्यामुळे पूर्ण निःशब्द तास शोधू नका. हाक येणार नाही अशी खात्री असलेली पंधरा मिनिटं मिळवा. ती मागांच्या खडखडाटातही चालतील.

हे खरंच असं आहे का, ते माझ्या शब्दावर मानू नका. हिशोबाच्या वहीचं शेवटचं पान घ्या आणि तीन दिवस तीन रकाने भरा: किती वाजता, कुणी हाक मारली, अर्धा तास थांबलं असतं तर चाललं असतं का. मजकूर लिहायचा नाही, फक्त खूण करायची. तिसऱ्या रात्री तिसऱ्या रकान्यातले 'हो' मोजा. अशा बहुतेक घरांत 'हो' जास्त निघतात, कारण हाक मारणं हे उठून शोधण्यापेक्षा सोपं असतं, आणि तुम्ही आजवर प्रत्येक हाकेला ओ दिलेली असते. हे पान जपून ठेवा. घरच्यांशी बोलताना ते समोर लागेल.

मग ही पंधरा मिनिटं आणायची कुठून? तुमच्याकडे तीन जागा दिसतात. दुपारी जेवणानंतर तुम्ही कारखान्यात असता आणि फोन चालू असतात, ती वेळ सोडा. रात्री आठला माग थांबल्यावर वाटतं की आता मिळेल, पण नेमकं तेव्हाच सगळे घरी असतात, भूक लागलेली असते आणि हाकांचा जोर तेव्हाच असतो. शिवाय दिवसभराच्या आवाजानंतर कानातला 'चीं' त्या वेळी सर्वांत जास्त जाणवतो. उरते सकाळ: सहा ते सव्वासहा, चहाच्या आधी. आपल्याकडे उन्हाळ्यातही एवढीच वेळ गच्चीवर बसण्यासारखी असते. मे महिन्यात स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो, पहाटे तो जरा निवतो.

पण त्या वेळी तुम्ही डब्याची भाजी चिरत असता. इथंच बहुतेक लोक अडकतात आणि पंधरा मिनिटं पुन्हा झोपेतून कापतात. तसं करू नका. वेळ कामातून काढायचा, आणि काम कुणाच्या तरी हातात द्यायचं. कॉलेजातल्या मुलानं रात्री जेवण झाल्यावर भाजी निवडून, चिरून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायची. गवार, घेवडा, कोबी, फ्लॉवर सहज राहतात. वांगं आणि बटाटा काळा पडतो, ते पाण्यात बुडवून ठेवायचे किंवा त्या भाज्या सुट्टीच्या दिवशी करायच्या. कणीक यजमानांनी मळली तरी बिघडत नाही. पहिल्या आठवड्यात ती सैल होईल, त्या पोळ्या तशाच खाव्यात. तुम्ही उठून ती पुन्हा मळलीत, तर आठव्या दिवशी ते काम परत तुमच्याकडे आलेलं असेल.

पाण्याच्या दिवशी बसायचं नाही. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी ज्या घरात वेळ सांगून येत नाही, तिथं त्या दिवशी मोटार, टाकी, पिंपं हेच असतं. तो दिवस आधीच वगळा. 'रोज' असं ठरवलं की पहिल्या पाण्याच्या दिवशीच ते मोडतं आणि मोडलं की सुटतं. आठवड्यात पाच दिवस झाले तर भरपूर, चारही चालतील.

जाऊबाईंच्या बोलण्यामुळे तुम्ही घरच्यांकडे मागायलाच कचरताय, असं दिसतं. तुम्हीच लिहिलंय की यजमान रोज रात्री जेवणानंतर तासभर चौकात मित्रांबरोबर बसतात. त्यांचं ते बसणं योग्यच आहे, दिवसभर कारखाना चालवणाऱ्या माणसाला त्याची गरज असते. त्याला घरात कुणी स्वार्थ म्हणत नाही, कारण ते न विचारता सुरू झालं आणि सवयीचं झालं. तुमचं सांगून सुरू करावं लागेल, एवढाच फरक आहे. रात्रीच्या जेवणाला टीव्ही बंद करून, चिडलेल्या नसाल तेव्हा सांगा. "मला जरा शांतता देत चला" असं म्हणू नका. त्यातून कुणाला काय करायचं ते कळत नाही. "सहा ते सव्वासहा मी गच्चीवर आहे. दूध उतू जायला लागलं तर जो जागा असेल त्यानं गॅस बंद करायचा. सासऱ्यांना बरं वाटत नसेल किंवा आग, करंट, असलं काही असेल तरच वर यायचं. बाकी सगळं सव्वासहानंतर," असं सांगा. आणि वर यायचं म्हणजे चालत यायचं, खालून ओरडायचं नाही.

हा शेवटचा नियम दिवसभरासाठीच लावून टाका: ज्याला बोलायचं आहे त्यानं उठून समोर यायचं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक नाही. खर्च शून्य, आणि घरातला निम्मा गोंगाट यानं जातो. ज्या गोष्टीसाठी उठावं लागतं ती गोष्ट मुलांना पुष्कळदा आपली आपणच सापडते. मात्र तो तुम्हालाही लागू आहे. स्वयंपाकघरातून "उठा रे" असं ओरडणं बंद करावं लागेल. सासऱ्यांना यातून सूट.

पहिल्या आठवड्यात तीनदा तरी कुणीतरी वर येईल. रागवू नका, पण उत्तरही देऊ नका. हातानं 'थांब' अशी खूण करा आणि सव्वासहाला खाली येऊन आधी त्याच माणसाला विचारा, काय हवं होतं. थांबल्यावर उत्तर नक्की मिळतं हा विश्वास बसला की लोक थांबतात. तो बसला नाही, तर मारुतीच्या शेपटासारखी हाक वाढतच जाते.

फोन खालीच ठेवायचा. सायलेंट करून मांडीवर ठेवलेला फोनही मनातून हाक मारत असतो. व्यापाऱ्याचा फोन चुकेल ही भीती असेल तर अँड्रॉइडमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. त्यात दोन सोयी आहेत: तारांकित केलेल्या मोजक्या नंबरांनाच वाजू देणं, आणि एकाच नंबरावरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर वाजू देणं. खरंच अडलेला माणूस दुसऱ्यांदा करतोच. व्हॉट्सअपचे नातेवाइकांचे, सोसायटीचे, शाळेचे ग्रुप 'ऑलवेज'वर म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका आणि दुपारी एकदा, रात्री एकदा उघडा. वेळ मोजायला स्वयंपाकघरातला चावीचा टायमर घ्या.

बसायचं कसं, याचं फार अवडंबर नको. चादरीची चौपदरी घडी करून भिंतीला पाठ टेकून बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पावलं जमिनीला टेकलेली असू देत. पहिली तीन मिनिटं फक्त ऐका, लांबून जवळ येत: अक्कलकोट रोडवरची गाडी, मग गल्लीतला झाडू, मग कबुतरं, मग स्वतःचा श्वास. आवाज अडवायचे नाहीत, नावंही ठेवायची नाहीत. पुढची दहा मिनिटं दर वेळी श्वास सोडताना एक आकडा, असं मनात एक ते दहा मोजा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. मोजणी चुकणारच. चौदावर पोचलात तरी परत एकवर या. शेवटची दोन मिनिटं काही करू नका. कामांची यादी डोक्यात येते ही तक्रार सगळ्यांचीच असते. त्यासाठी जवळ कागदाचा चिटोरा आणि पेन्सिल ठेवा. 'फी', 'सूत', 'गॅस' असा एक शब्द लिहा की मन तो विषय सोडतं, कारण विसरण्याची भीती संपते. दोन आठवड्यांत चिटोऱ्यावरचे शब्द कमी होतील. डोळा लागतोय असं वाटलं तर डोळे अर्धे उघडे ठेवून समोरच्या कठड्याकडे बघा. तरीही रोज झोप येत असेल, तर आठवडाभर ती पंधरा मिनिटं झोपेलाच द्या.

डोकं रिकामं झालं पाहिजे ही अपेक्षा मात्र सोडून द्या. रिकामं होत नाही, ते फक्त जरा संथ होतं. कधी रडू येईल. आवरलेलं बरंच काही थांबल्यावर वर येतं. ते काही दिवसांत ओसरतं. पण सतत उदास वाटणं, झोप उडणं असं दोन आठवडे टिकलं, किंवा एकदाही जगणं नको वाटलं, तर शांत बसणं हा त्यावरचा उपाय नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.

कानातल्या त्या 'चीं'विषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, मी जास्त लिहिणार आहे. तो मनाचा खेळ समजू नका. धोट्याच्या (शटलच्या) मागांच्या शेडमध्ये आवाज सहसा नव्वद डेसिबलच्या वर असतो. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक. मेंदूला सवय झाली म्हणून कानाला सवय होत नाही. तो झिजत राहतो. आवाज टिपणाऱ्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज धोक्याचा आहे असं समजा. तुमचं टेबल शेडच्या आत असेल तर बाहेर काढा, निदान मध्ये दार असलेली भिंत येऊ द्या. आत जाताना फोमचे इअरप्लग घाला. कामगार कापसाचा बोळा घालतात, त्यानं फारसा आवाज अडत नाही. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचा, म्हणजे तो आत फुगतो. स्वतःचा आवाज हंड्यातून आल्यासारखा वाटला म्हणजे नीट बसला. नुसता अडकवलेला प्लग काहीच करत नाही. मागावरच्या कामगारांनाही ते द्या, ताई. कारखाना तुमचाच आहे.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, सिव्हिलमध्येही होते. तपासणीआधी किमान चौदा तास मागांपासून लांब राहायचं, नाहीतर थकलेले कान प्रत्यक्षापेक्षा वाईट निकाल देतात. म्हणजे मागांच्या सुट्टीनंतरची सकाळ धरा आणि खाली न उतरता थेट जा. आवाज एकाच कानात येत असेल, चक्कर येत असेल किंवा एखाद्या कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं असेल, तर सुट्टीची वाट न बघता त्याच दिवशी जा. तोवर अगदी बंद खोलीत बसू नका. गच्चीवरच्या पाखरांच्या किंवा पंख्याच्या आवाजात 'चीं' मागे पडते.

जाताना सासऱ्यांना बरोबर न्या. तुमच्या घरातला दिवसभराचा सर्वांत मोठा आवाज टीव्हीचा आहे, आणि त्याचं मूळ बहुधा त्यांच्या मागावरच्या चाळीस वर्षांत आहे. अशा कानांना आधी बारीक आवाज जातात. स, श, ट, फ ही अक्षरं पुसट होतात, मोठे स्वर मात्र ऐकू येतात. त्यामुळे त्यांना "आवाज येतो पण कळत नाही" असं होतं आणि ते रिमोट दाबत राहतात. ओरडून त्यांना शब्द कळत नाहीत, नुसता दणका बसतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. श्रवणयंत्र लागेल की नाही ते तपासणीत ठरेल. ते होईपर्यंत टीव्हीला जोडणारे ब्लूटूथ हेडफोन घ्या, पण कान झाकणारे निवडा आणि आवाज त्यांना शब्द कळतील एवढाच ठेवा. 'तुमच्या टीव्हीचा त्रास होतो' असं न म्हणता 'तुम्हाला संवाद नीट ऐकू येतील' असं सांगा. तेही खरंच आहे. दहावीतल्या मुलीला याचा फायदा तुमच्याआधी होईल.

रस्त्यावरच्या आवाजांपैकी थोडेच तुमच्या हातात आहेत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. ठरावीक सणांना सरकार बारापर्यंत सूट देतं, तीही वर्षात पंधरा दिवसांहून जास्त नाही. एरवी दहानंतर वाजत असेल तर ११२वर तक्रार करता येते. मिरवणुकीच्या दिवशी डीजेशी भांडण्यात रात्र घालवू नका. मागच्या खोलीत झोपा आणि तेच फोमचे प्लग वापरा.

पंधरवड्यातून एकदा जरा मोठा वेळ मिळाला तर सिद्धेश्वर मंदिरात सकाळी लवकर जा, दर्शन झाल्यावर सभामंडपात न थांबता तळ्याच्या बाजूला बसा. श्रावणी सोमवार आणि जानेवारीतल्या गड्डा यात्रेचे दिवस टाळा. थंडीत हिप्परग्याचा तलाव पक्ष्यांसाठी चांगला, पण एकटीनं जाऊ नका. एखाद्या मैत्रिणीला घ्या आणि जातानाच ठरवा की पोचल्यावर तासभर दोघींनी बोलायचं नाही. डबे, सतरंजी, मुलं असा लवाजमा निघाला तर ती सहल होईल, आणि सहलीची तयारी पुन्हा तुम्हीच कराल.

राहिलं शिबिर. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांवर दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर असतं. फी नसते, पहाटे चारपासून रात्री नऊपर्यंतचा दिवस, साधारण दहा तास बसणं, आणि दहाव्या दिवसापर्यंत इतर साधकांशी बोलायचं नाही, फोन जमा. अनेकांना त्याचा उपयोग होतो. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी मात्र जाऊ नये. नाव नोंदवताना विचारलेली माहिती खरी भरावी. तुम्ही जायला माझी हरकत नाही, पण आत्ता नको. झोप भरून निघालेली नाही, कानाची तपासणी व्हायची आहे आणि मुलीची दहावी आहे. शिवाय परत आल्यावर अकराव्या दिवशी जिन्यातच "आई, माझा चार्जर?" ऐकू येणार असेल, तर ते दहा दिवस आठवड्यात पुसले जातील. आधी ही पंधरा मिनिटं तीन महिने टिकवून बघा. परीक्षा झाल्यावर वाटलं तर घरच्यांना विचारा की दहा दिवस माल कोण मोजून देईल, हिशोब कोण बघेल, सासऱ्यांचं पथ्यपाणी कोण सांभाळेल. प्रत्येक कामापुढे एक नाव लिहून झालं, आणि त्यातलं एकही तुमचं नसलं, की फॉर्म भरा.